बारगिराचा घोडा

"घोडा तं देतो मास्तर, पन बसनारा कोन हाय, थे सांगा आंधी."

अकोटच्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्यानं मला हे विचारलं, तेव्हा माझ्या खिशात मंडळाच्या पोरांनी लिहून दिलेली चिठ्ठी होती. घोडा पांढरा पाहिजे, उंच पाहिजे, शेपूट लांब पाहिजे, नाचणारा असला तर उत्तम. भाडं कितीपर्यंत द्यायचं तेही लिहिलेलं. बसणाऱ्याबद्दल चिठ्ठीत अवाक्षर नव्हतं. आठवीतला पोरगा आहे, शिवजयंतीच्या मिरवणुकीत महाराज होणार आहे, एवढं मी सांगितलं.

"वजन?"

"असेल पस्तीस-चाळीस किलो."

"आजवर घोड्याले हात लावला हाय का त्यानं?"

ते मला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यानं विडीची राख झटकली. "मंग पोराले घिऊन या. घोडा नंतर पाहू."

मी रिकाम्या हातानं हिवरखेडला परतलो. मंडळातले एक-दोघं हसले. दुकानात चप्पल घ्यायला गेल्यासारखं पाय मोजून घोडा देतात का, असं त्यांचं म्हणणं. पण हे काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं होतं त्याला कारण होतं. आदल्या वर्षीचा घोडा त्यांनी मोबाइलवर फोटो पाहून ठरवला होता. दिसायला राजबिंडा, पांढराशुभ्र, गुलाबी नाकाचा नुकरा. मिरवणूक बसस्टँडपाशी आली, डीजेवाल्यानं आवाज चढवला, आणि घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला. जिरेटोप एकीकडं, पोरगा एकीकडं. मनगट मोडलं, त्यावरच भागलं. यंदा गावात ठरलं की इतिहासाच्या मास्तरला पाठवा, त्याला घोड्यातलं कळत असेल. पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला घोड्यातलं कळतं, हा गावाचा गैरसमज. मला फक्त घोड्यांच्या तारखा पाठ होत्या.

परतीच्या एसटीत मला आठवलं ते दोन मार्कांच्या प्रश्नातलं. बारगीर आणि शिलेदार यांतला फरक स्पष्ट करा. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा. पोरं लिहायची, मी बरोबरची खूण करायचो. पण सरकारी घोड्यावरचा स्वार म्हणजे नेमकं काय, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तो माणूस दुसऱ्याच्या घोड्यावर बसून लढाईला जात होता. त्याला तो घोडा कुणीतरी निवडून दिलेला होता. आणि देणाऱ्यानं त्या म्हाताऱ्यासारखंच आधी विचारलं असणार, बसणारा कोण आहे?

महाराजांच्या फौजेत याची शिस्त कशी होती ते सभासदानं आपल्या बखरीत लिहून ठेवलंय. पंचवीस बारगिरांमागं एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी, आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. शाळेत आम्ही हे सगळं पाठ करून घेतो आणि त्यातली सगळ्यात मोलाची ओळ सोडून देतो. दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पंचवीस जनावरांचं पाणी एका माणसाच्या पाठीवर आणि शंभर खुरांची जबाबदारी एका माणसाच्या हातोडीवर. ज्यानं हा हिशेब बसवला त्याला घोडा कळत होता.

पगाराचं पाहा. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनं दिलेले आकडे असे, की बारगिराला महिन्याला दोन ते पाच होन, शिलेदाराला सहा ते बारा. वरवर पाहिलं तर शिलेदार श्रीमंत. पण त्याच्या पगारातच घोडा आला, घोड्याची चंदी आली, खोगीर, लगाम, रिकीब, तंग आले. घोडा पायात मोडला तर तोही त्याच्याच खिशातून. बारगिराला यातलं काहीच नाही. तो पागेत जायचा, घोडा घ्यायचा, काम झालं की दावणीला बांधून मोकळा. पागेची चंदी, पागेचं वैरण, पागेचा मोतद्दार. आणि यातूनच एक गोष्ट निघते जी जुन्या लष्करांवर लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी नोंदवली आहे. शिलेदार लढाईत घोडा जपतो. कारण घोडा मेला की त्याची रोजीरोटी गेली, तो घोडेस्वाराचा प्यादा होणार. बारगिराला ती भीती नाही. परक्या घोड्यावर बसलेला माणूस जास्त धीटपणे घुसतो. महाराजांनी बारगीर जास्त ठेवण्यावर भर दिला त्यामागं हेही असावं असं मला वाटतं. मुख्य कारण अर्थात वेगळं होतं. घोडा ज्याचा, त्याच्या हाती स्वार.

आता, ज्याचा घोडा त्याला काळजीही जास्त. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला तसदी देऊ नका, म्हणून ते शाळेत सांगतात. पण त्या पत्राचा मोठा भाग घोड्यांच्या वैरणीबद्दल आहे. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणावैरण आताच उधळलं तर पुढं घोडी उपाशी मरतील. रात्री दिवा जळता ठेवून झोपाल, उंदीर वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, मग वैरण नाही, घोडी नाहीत, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, अशा अर्थाचा मजकूर आहे. उंदरानं नेलेल्या वातीपर्यंत विचार करणारा तो घोड्यांचा मालक होता. अकोटच्या म्हाताऱ्याच्या शेडमध्येही विडी पेटवायला खाटेवरून उठून बाहेर ओट्यावर यावं लागतं, हे मी दुसऱ्या खेपेला पाहिलं.

मागून आणलेल्या घोड्याची लबाडीही जुनीच. मोगलांच्या मनसबदाराला ठरावीक संख्येचे स्वार ठेवायचे असत, त्याचे पैसे मिळत. पैसे घ्यायचे आणि घोडे ठेवायचे नाहीत, ही युक्ती कुणालाही सुचेल. मग हजेरीचा दिवस आला की बाजारातून, शेजाऱ्याकडून, जमेल तिथून घोडे मागून आणायचे. मोजणी झाली की परत. मागून आणलेला घोडा, मागून आणलेला माणूस, आणि कागदावर पाचशे स्वारांची फौज. यावर उपाय म्हणून अकबरानं घोड्याला डाग द्यायची पद्धत कडक केली, म्हणजे तापल्या लोखंडाचा ठसा, आणि स्वाराचा चेहरा लिहून ठेवायची. चेहरेपट्टी हा शब्द आपण अजून वापरतो. वऱ्हाड 1596 मध्ये अकबराकडं गेलं आणि त्याचा मुलगा मुराद यानं बाळापूरजवळ शहापूरला तळ वसवला. तिथंही ते डागाचे ठसे तापले असणारच. बाळापूर आमच्या जिल्ह्यातलंच, पण डागाचा धडा शिकवताना मी नेहमी आग्र्याचं नाव घ्यायचो. आपल्या अंगणातली गोष्ट दिल्ली-आग्र्याची करून सांगायची ही मास्तरांची खोड.

या बारगीर शब्दाचं पुढं काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. 1741 नंतरची दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. भास्करराम कोल्हटकर त्यांचा कारभारी. त्याला 1744 मध्ये अलिवर्दीखानानं भेटीला बोलावून दग्यानं मारलं. 1751 च्या तहानं बंगालची चौथाई बारा लाखांवर ठरली. तहानामे कपाटात गेले, पण बंगाली बायकांच्या तोंडी एक शब्द राहिला, बर्गी. पोरगं झोपत नसलं की बर्गीचं नाव घेऊन त्याला निजवायची अंगाई तिथं अजून म्हणतात. आता गंमत बघा. आपल्याकडं जो माणूस घोडदळात सगळ्यात खालचा, ज्याच्याकडं स्वतःचा घोडाही नाही, त्याच्या नावानं बंगालमध्ये पोरं भ्यायची. माझी एक विद्यार्थिनी लग्न होऊन कोलकात्याला गेली. तिच्या सासूनं तिला थट्टेत बर्गी म्हटलं म्हणून तिनं मला फोन केला होता. मी तिला अर्थ सांगितला. "म्हणजे सर, आपल्या नावावर घोडाही नव्हता?" नव्हता बाई.

हिवरखेडहून सायकल काढली की फार वेळ न लागता अडगाव येतं. इंग्रजी पुस्तकांत त्याला अरगाम लिहितात. अडगाव आणि सिरसोली यांच्यामधल्या काळ्या रानात 29 नोव्हेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीची फौज आणि भोसले-शिंद्यांची फौज समोरासमोर आली. भोसल्यांकडून रघूजी दुसरे यांचा भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू होता. दिवस कलायला आला होता. मराठ्यांच्या तोफा सुटताच वेलस्लीच्या शिपायांच्या तीन पलटणी मागं फिरल्या, त्या त्यानं स्वतः जाऊन परत उभ्या केल्या. अंधार पडेपर्यंत भोसल्यांची फळी फुटली. 38 तोफा गेल्या, आणि मग चांदण्यात स्वारांनी पाठलाग केला. पंधरा-सोळा दिवसांत गाविलगड पडला, 17 डिसेंबरला देवगावचा तह, 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा. सगळा खेळ आमच्या या सातपुड्याच्या पायथ्याला आटोपला.

पाठलाग करणाऱ्या त्या घोड्यांकडं मात्र कुणी पाहत नाही. त्यांत कंपनीचे घोडेस्वार होते, म्हैसूर संस्थानानं पाठवलेले स्वार होते, निजामाचे होते, आणि पेशव्यांच्या बाजूनं बापू गोखल्यांचेही होते. म्हणजे वऱ्हाडातल्या त्या लढाईतला पाठलाग इंग्रजांनी बऱ्याच अंशी मागून आणलेल्या घोड्यांवर केला. खुद्द वेलस्लीची गोष्ट घ्या. दोन महिने आधी असईला त्याच्या अंगाखालचा एक घोडा गोळीनं पडला, आणि डायोमीड नावाचा त्याचा अरबी घोडा भाल्यानं जखमी झाला. त्या दिवशी तो तिसऱ्या घोड्यावर होता. सेनापतीलाही ऐन वेळी दुसरा घोडा लागतोच.

एकदा पोरांना घेऊन मी त्या रानात गेलो होतो. तुरी उभ्या होत्या. एकानं विचारलं, सर, घोडे पुरले कुठं? मला उत्तर देता आलं नाही आणि त्यानंतर मी सहल तिकडं नेली नाही.

पण घोड्यांच्या उसनवारीचा सगळ्यात मोठा खटला पुढं आहे, आणि त्यात सारं वऱ्हाडच गेलं. निजामाच्या नावानं इंग्रजांनी एक फौज उभी केली, हैदराबाद कंटिंजंट. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. घोडा निजामाच्या पैशाचा, लगाम इंग्रजाच्या हाती. एलिचपूरची छावणी, म्हणजे आताचं परतवाडा, याच फौजेचं ठाणं. पगार थकत गेला, इंग्रज आगाऊ देत गेले, देणं चाळीस लाखांच्या वर गेलं. आणि 1853 च्या मे महिन्यात तह झाला. पाच हजारांहून कमी नाही इतकं पायदळ, दोन हजारांहून कमी नाहीत इतके स्वार आणि चार तोफखाने ठेवायचे, आणि त्यांच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात. आमच्या आजोबांच्या पिढीत याला सरळ "वऱ्हाड गहाण टाकलं" असंच म्हणत. 1902 मध्ये तर ते कायमच्या पट्ट्यानं दिलं गेलं, वर्षाला पंचवीस लाख रुपये. मालकी कागदावर निजामाची, इतकी की 1936 नंतर त्याच्या थोरल्या मुलाला वऱ्हाडचा राजपुत्र ही पदवी होती. राजपुत्राचं वऱ्हाडात काहीच नव्हतं. घोडा ज्याचा, तो दारात उभा, आणि बसणारा नव्वदेक वर्षं उतरायचं नाव घेत नाही.

कंटिंजंटच्या त्या रिसाल्यांत शिलेदारी पद्धत होती आणि तिच्यात एक बारकावा होता. एका घोड्याची जागा म्हणजे एक असामी. ती विकत घेता यायची, वारशानं यायची. स्वतःच्या घोड्यावर स्वतः बसणारा तो खुदअस्पा. पण ऐपतदार माणूस पाच-दहा असाम्या घेऊन ठेवी आणि त्या घोड्यांवर दुसऱ्यांची गरीब पोरं बसवी. ते बारगीर. शिवकाळात बारगिराचा धनी सरकार होतं, इथं धनी खासगी माणूस झाला. नाव तेच, धंदा बदलला. आज टॅक्सीच्या धंद्यात गाडी एकाची आणि चालवणारा दुसरा असतो, तसंच. पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत मोडली आणि हे सगळं संपलं.

संपलं ते फौजेत. गावात घोडं मागून आणणं चालूच होतं.

माझ्या लहानपणी आमच्या भागात घोडी असायची ती पाटलाकडं, देशमुखाकडं, क्वचित एखाद्या मोठ्या सावकाराकडं. वसुलीला, चावडीला, तालुक्याला जायला. बाकीच्यांना बैल. रेंगी, दमणी, छकडा, सगळी बैलांची वाहनं. डोंगरातून मध, मोहाची फुलं, चारोळी घेऊन उतरणारे टट्टू मात्र होते, पण टट्टूवर नवरदेव बसवत नाहीत. परण्या निघायचा तर घोडाच पाहिजे. परण्या म्हणजे आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला मिरवत मारुतीच्या पाराला नेतात तो. तर मग घोडा मागायला जावं लागे. त्याची रीत होती. नवरदेवाच्या बापानं स्वतः जायचं नाही. मामानं किंवा चुलत्यानं जायचं, पानसुपारी घेऊन. पाटलाच्या वाड्यात घोडा शब्द आधी काढायचा नाही. पाऊसपाणी, पऱ्हाटी, बोंडं, सगळं बोलून झालं की पाटीलच विचारी, "कोन्या तारखीले हाय?" म्हणजे झालं. परत करताना घोड्याला भिजवलेले चणे, मोतद्दाराला पागोटं किंवा रुपया. भाडं नाही. पाटलाला भाडं द्यायला गेलं तर अपमान.

हे ऐकायला गोड वाटतं. माझ्या आजीच्या तोंडून ऐकलं तेव्हा मलाही वाटलं होतं. पण भाडं नाही याचा अर्थ पाटील नाही म्हणू शकतो, आणि तो कुणाला नाही म्हणेल हे सगळ्या गावाला न विचारता ठाऊक होतं. कोणत्या आळीतला नवरदेव घोड्यावरून मारुतीपुढून जाईल आणि कोणत्या आळीतला पायी, तेही आळीच्या बाहेर न पडता, हे ठरलेलं. पाटलाची घोडी काही वाईट नव्हती. ती कुणाच्या दाराशी उभी राहायची हे वाईट होतं.

मी नोकरीला लागलो त्या सुमारास, सत्तरच्या दशकात, शेजारच्या एका गावात जयभीमवाल्यांच्या घरी लग्न होतं. गावाचं नाव घेत नाही. त्या घरातल्या पोरांनी पाटलाकडं कुणालाच पाठवलं नाही. ते तालुक्याच्या गावी गेले आणि टांगेवाल्याचा घोडा भाड्यानं घेऊन आले. पैसे मोजून. टांग्याचा घोडा, अंगावर जुवाचे घट्टे, एक डोळा अधू. पण त्याच्यावर झालर टाकली, बाशिंग बांधलेला नवरदेव बसवला आणि वरात वेशीतून काढली. मी पाहिली. पुढं लेझीम होतं. दोन-चार दारं धाडकन लागली, बाकी काही झालं नाही. त्या दिवशी मला कळलं की भाड्याचा घोडा हा उसन्या घोड्यापेक्षा मोठा आहे. उसना घोडा ज्यानं दिला त्याच्या उपकारावर चालतो. भाड्याच्या घोड्याला तुमची जात विचारायची गरज पडत नाही, पैसे दिले की तो चालतो. मास्तर म्हणून मी पोरांना नेहमी सांगत आलो की पैशानं माणुसकी जाते. त्या एका सकाळपुरतं ते खरं नव्हतं.

असो. टांगे गेले, टांग्यांचे घोडे गेले. आता वरातीचे घोडे वेगळे. नुसते मिरवायला पाळलेले, नाचायला शिकवलेले. बरेचसे सारंगखेड्याच्या बाजारातून येतात, तापीच्या काठावर दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते तिथून. काही नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून.

ठरल्याप्रमाणं मी पोराला घेऊन पुन्हा अकोटला गेलो. म्हाताऱ्याकडं चार जनावरं होती. पांढरा नुकरा, एक मुश्की म्हणजे काळाभोर, एक अबलख आणि कोपऱ्यात एक कुमैत घोडी, तांबूस, पोट जरा सुटलेलं, मुखड्यावर पांढरा टिळा. मी पांढऱ्याकडं बघतोय हे त्यानं ओळखलं.

"थे सायेबाच्या पोराईसाठी हाय. फोटोले बरा."

मग त्यानं मला दात दाखवले. घोडीचा ओठ अंगठ्यानं वर केला, खालच्या पुढच्या दातांवर बोट फिरवलं. कोवळ्या घोड्याच्या दातांत काळे खड्डे असतात, ते वयाबरोबर झिजत जातात, आठेक वर्षांत खालचे जवळजवळ गुळगुळीत होतात. हिचे केव्हाच झाले होते. "बारा पाहा. तेरा बी असंल." म्हातारा घोडा लपवायला काही लोक ते खड्डे कोरून काळे करतात, हेही त्यानं सांगितलं. मग भोवरे. गळ्याखाली केसांचा भोवरा असला की तो देवमण, घरात आणावा. डोळ्याखाली असला की आसूढाळ, तो मालकाला रडवतो. पुढच्या पायावर भोवऱ्याचं टोक खाली असलं की खुंटेगाड, खुंटा घट्ट रोवतो, चांगला. वर असलं की खुंटेउपाड, घरदार उपटतो. मोल्सवर्थच्या शब्दकोशात मी हे शब्द पाहिले होते. ते जिवंत माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"तुम्ही मानता हे?"

"घेतानी मानतो. देतानी नाई मानत." आणि हसला. "इकनाऱ्याले भाव पाडासाठी खुंटेउपाड लय कामाचा."

भोवरे झाल्यावर त्यानं जे पाहिलं ते कुठल्याही ग्रंथात नाही. घोडीच्या मागं उभं राहून पत्र्याचा डबा जमिनीवर आपटला. तिनं फक्त कान फिरवला. मोबाइलवर डीजेचं गाणं मोठ्यानं लावून तिच्या कानापाशी नेलं. तिनं मान हलवली, माशी हाकलल्यासारखी. मग पोराला म्हणाला, जा, तोबऱ्यात चणे टाक. पोरगा घाबरत गेला. तिनं आधी त्याच्या बाहीचा वास घेतला, मग चणे खाल्ले.

मला शेगावची गोष्ट आठवली, आमच्या भागात लहान पोरालाही माहीत असते ती. गोविंदबुवा टाकळीकर कीर्तनाला आले, त्यांचा घोडा इतका द्वाड की जवळ जाईल त्याला लाथा. रात्री पाहतात तो गजानन महाराज त्या घोड्याच्या चार पायांमध्ये झोपलेले आणि घोडा शांत उभा. मी म्हाताऱ्याला म्हटलं, महाराजांना जमलं ते आपल्याला कुठं जमणार. तो म्हणाला, माणूस निजला म्हणून नाही, घोड्याला कळलं की या माणसाला आपल्याकडून काही नको, म्हणून. मुसलमान माणूस, गजानन महाराजांच्या पालखीपुढं त्याची घोडी दोनदा चालली होती, ते त्यानं जाता जाता सांगितलं.

पोराला त्यानं आणखी दोनदा बोलावलं. एकदा नुसता खरारा करायला, एकदा खोगिराशिवाय बसायला. गुडघे आवळायचे, लगाम ओढायचा नाही, तो हातात नुसता असू द्यायचा. भाड्याला किती, ते शेवटच्या दिवशी बोलला, तेही चिठ्ठीतल्या आकड्याहून कमी. मंडळाचे एक-दोघं कुरकुरले. महाराज तांबड्या घोडीवर? आणि पोट सुटलेल्या? मी त्यांना बारगिराची गोष्ट सांगायला लागलो, पण त्यांना बॅनरचं काम होतं.

19 फेब्रुवारीला घोडी पिकअपमधून आली. उतरताच तिनं आधी रस्त्याकडच्या पानमळ्याकडं तोंड फिरवलं आणि लांब श्वास घेतला. मिरवणूक चारला निघाली. म्हातारा सगळा वेळ तिच्या डाव्या बाजूनं, एक हात मोरखीला लावून चालला, डोक्यावर भगवा फेटा बांधून. बसस्टँडपाशी डीजे वाजला, भिंतींना हादरे बसले. घोडी उभी राहिली. पोरानं लगाम ओढला नाही. गुडघे आवळले, वाकून तिच्या मानेवर हात ठेवला आणि काहीतरी बोलला. ती पुढं चालू लागली.

रात्री नऊ वाजता शाळेच्या मैदानात झालर उतरवली. म्हाताऱ्यानं मोबाइलची बॅटरी पेटवून माझ्या हातात दिली आणि एकेक खूर उचलून बघितला. चारी नाल जागेवर. तंगाखालून हात फिरवला, कुठं घासलं आहे का ते. डाव्या बगलेत जरा लाल होतं, तिथं खोबरेल तेल लावलं. मग मंडळाच्या वहीत घोडी मिळाली म्हणून सही केली, तारीख टाकली, वेळही टाकली. पोरगा दाढीमिशा काढून बाजूला उभा होता, घरी जात नव्हता.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं. "थे वळखते तुले आता. पन पुढच्या साली तुयं वजन वाढन. मंग दुसरी पाहू."